खालच्या फळीवरची बेवारस बाटली

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पेशींच्या खोलीतून तात्या ओरडला, "ही कुणाची?"

वेळ नेमकी आठवते, कारण मी तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून फोनमध्ये बाळाच्या दुधाची वेळ टिपत होते. दहा महिन्यांचं बाळ घरी ठेवून कामावर परतले तेव्हापासून ही खोड लागलीय. किती वाजता प्यायलं, किती प्यायलं, किती झोपलं. नवरा म्हणतो, तू बाळाची आई आहेस की हवामान खातं?

आत गेले. तात्या इन्क्युबेटरसमोर, म्हणजे पेशींच्या उबदार कपाटासमोर, गुडघ्यांवर बसला होता. तात्या हे नाव त्याला वयामुळे मिळालेलं नाही, तो जेमतेम पस्तिशीचा आहे. पण तो आजोबांसारखा करवादतो आणि हातमोज्यांवर हातमोजे घालतो. खोलीची व्यवस्था त्याच्याकडे. तीन दिवस बाहेरगावी परिषदेला गेला होता आणि सकाळच्या गाडीने उतरून बॅगेसकट थेट इथेच आला होता.

"पाण्याच्या ट्रेच्या मागे लपवलेली," तो म्हणाला. "नाव नाही, तारीख नाही. आणि उभी! अशी उभी कोण ठेवतं?"

आम्ही तिला फ्लास्क म्हणतो, पण आमच्या वन्सं तिला बाटली म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. चपटी, पारदर्शक, तळहाताएवढी. तिच्यात आम्ही कॅन्सरच्या पेशी वाढवतो. पेशी तळाला चिकटून वाढतात, म्हणून बाटली नेहमी आडवी असते. आणि नाव, तारीख, सही नसलेली बाटली इन्क्युबेटरमध्ये असणं हा आमच्याकडे गुन्हाच. परक्या पेशीचा एक थेंब आमच्या पेशींत पडला, तर वर्षाची मेहनत कचऱ्यात.

आणि हा आठवडा तर असा होता, की कुणी शिंकलं तरी सगळे वळून बघायचे. गुरुवारी दुपारी बाराला आमचं पत्र औषध-चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीकडे जायचं होतं: नवं औषध कॅन्सरच्या पेशी मारतं, तीनदा तपासलं, माणसांना द्यायला हरकत नाही. तपासणीचे तिन्ही आकडे मी मोजलेले होते.

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, दारात आले. बूट काढायचे म्हणून आत आलेच नाहीत, तिथूनच म्हणाले, "काय झालं?"

"बेवारस बाटली, सर. ब्लीच ओततो."

सरांनी हात वर केला. "नको. आधी कुणाची ते कळू दे. तिला हात लावू नका."

"मग चौकशी हिला करू द्या," तात्याने माझ्याकडे बोट केलं. "मी केली तर म्हणतील स्वतःला वगळलं. ही सगळं टिपून ठेवते, डास चावला तरी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नको म्हणतील असं वाटलं, पण ते मान हलवून निघून गेले.

माझ्या मनात मात्र बाटली नव्हती. शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी दहाला त्याच औषधाच्या चाचणीत नाव घालायला वन्सं सही करणार होत्या. त्यांच्या काखेजवळच्या गाठीसाठी. आणि त्यांच्यामागे महिनाभर लागून त्यांना तयार मी केलं होतं.

२

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. हा शब्द त्यांना जुनाट वाटतो, म्हणून मी मुद्दाम वापरते. मी कामावर असताना बाळ त्यांच्याकडे असतं. गाठ कळल्यावर मी म्हटलं, आपण पाळणाघर बघू. त्या म्हणाल्या, "गाठ मला झालीय, मांडीला नाही."

गाठ अजून जागच्या जागी होती, कुठे पसरलेली नव्हती. डॉक्टरांनी जुनं औषध सुचवलं होतं. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडे नवं येतंय.

हात लावू नका म्हटलेलं असूनही तात्याच्या देखरेखीखाली मी बाटलीतलं थोडंसं काढलं. झाकण उघडताना जाणवलं की ते घट्ट नव्हतंच, किंचित सैल होतं. ते मनात टिपलं आणि तात्याला बोलले नाही. बोलले असते तर त्याने खोली धुवायला काढली असती.

आमच्या पेशींचं खाणं ताजं असताना गुलाबी असतं. पेशी ते खात जातात तसं आधी केशरी होतं, मग पिवळं. हे केशरी होतं आणि अगदी नितळ. जंतू पडले असते तर गढूळ झालं असतं.

निळा रंग घातला. मेलेली पेशी हा रंग आत घेते, जिवंत घेत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल, स्वच्छ, पांढऱ्या. निळी जवळजवळ एकही नाही.

"जिवंत," मी म्हटलं.

"परक्या?" तात्या माझ्या खांद्यावरून वाकला. त्याने दुसरा दिवा लावला. आमच्या पेशींना आम्ही एक खूण दिलेली आहे, त्या दिव्याखाली त्या हिरव्या चमकतात. जगात दुसऱ्या कुणाच्या चमकत नाहीत.

समोर हिरव्या ठिपक्यांची जत्रा होती.

"आपल्याच," तात्या हळूच म्हणाला, आणि वही ओढली. आमच्याकडे प्रत्येक बाटलीची नोंद असते. दोघांनी मिळून तीनदा ताळा केला. एकही बाटली कमी नाही, गोठवलेल्या पेशींची एकही पेटी अर्धी नाही. कुठूनही काही गेलेलं नव्हतं.

म्हणजे कुठूनही न चोरलेल्या चार-पाच लाख पेशी खालच्या फळीवर राजरोस राहत होत्या.

३

मंगळवारी सकाळी बाटली पिवळी झाली होती, पिकल्या लिंबासारखी. एका दिवसात केशरीची पिवळी. मी वेळ टिपली, फोटो काढला, आणि चौकशीला निघाले.

पहिल्या मावशी. काचसामान धुतात, सोमवारी आणि शुक्रवारी इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये पाणी भरतात.

"मावशी, शुक्रवारी पाणी भरताना मागे काही दिसलं?"

"दिसलं की. बाटली होती."

"मग बोलला नाहीत?"

"अगं, तिथे शंभर बाटल्या. त्यातली कुठली सख्खी आणि कुठली सावत्र, मला काय कळतं? नाव वाचायला चष्मा लागतो, चष्म्यावर वाफ येते."

"आणि मागच्या बुधवारी माझ्या चंचुपात्रात ब्लीच तुम्हीच घातलं होतं ना? मी तेव्हा आभार मानायला विसरले."

हे सांगायला हवं. रोज अकराला मी वीस मिनिटं वरच्या मजल्यावरच्या कोठीत जाते, बाळासाठी दूध काढायला. बुधवारी तिसरी तपासणी चालू होती. औषध दिलेल्या पेशींवरचं जुनं पाणी मी एका चंचुपात्रात ओतून हूडमध्ये, म्हणजे स्वच्छ हवेच्या काचकपाटात, ठेवलं, आल्यावर ब्लीच घालू म्हटलं आणि पळाले. परत आले तर ब्लीचचा वास येत होता. कुणीतरी माझं काम केलं म्हणून बरं वाटलं होतं.

मावशींनी दोन्ही कानांना हात लावला. "मी? त्या हूडला? एकदा नुसता फडका लावला तर तात्याने आठवडाभर डोकं खाल्लं होतं. मी नाही बाई."

मग कुणी घातलं, हे मी फोनमध्ये प्रश्नचिन्हासकट टिपलं.

मग प्रश्नावली. ही आमच्याकडे पीएचडी करते, आणि प्रश्न विचारल्याशिवाय तिला घास उतरत नाही, म्हणून हे नाव. ती खिडकीजवळ उभी राहून सफरचंद खात होती.

"मला विचारतेस? मजाच आहे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यातल्या बैठकीत मी एकच विचारलं होतं. औषध दिल्यावर ज्या पेशी सुटून वर तरंगतात, त्या मेल्यात हे आपण बघतो का? की धरूनच चालतो? सर काय म्हणाले आठवतंय?"

आठवत होतं. सर हसून म्हणाले होते, "तरंगतंय ते मेलेलं. माझ्या गुरूंनी मला सांगितलं, मी तुम्हाला सांगतो. आता गुरूंना कुठे शोधायला जाता?"

"सगळे हसले," ती म्हणाली. "तूपण हसलीस."

हसले होते.

"बुधवारी अकराला तू कुठे होतीस?"

"दर बुधवारी असते तिथेच. दहा ते एक, पन्नास पोरांना बेडकाचं हृदय दाखवत. पन्नास साक्षीदार, बोलाव सगळ्यांना." तिने सफरचंदाचा गाभा फेकला आणि जाता जाता वळली. "त्या पेशी जेलीवर टाकून बघितल्यास का? बघ. मला भीती वाटते म्हणून सांगतेय."

जेलीची चाचणी सोपी आहे. बारीक भोकांची चाळणी, तिच्यावर जेलीचा थर. वर पेशी सोडायच्या. साध्या पेशी वरच बसून राहतात. ज्या जेली पोखरून खाली उतरतात, त्या शरीरातही एका जागी राहत नाहीत. उत्तराला एक दिवस लागतो. मी दोन चाळण्या लावल्या: एकीत आमच्या नेहमीच्या पेशी, दुसरीत बेवारस.

चारच्या सुमाराला सर जिन्यात भेटले. घाईत होते, डोळे सुजलेले. "सापडलं काही?"

"अजून नाही, सर."

"बरं." दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "ती बाटली तशीच राहू द्या. आणि झाकण घट्ट करू नका."

मी "हो सर" म्हटलं. घरी पोचेपर्यंत डोक्यात फक्त बाळाचं नाक वाहत होतं तेच होतं.

४

बुधवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि मी मागे सरकले.

बाटली गुलाबी झाली होती.

आम्ही तिचा मालक शोधत असताना, दिवसाढवळ्या सगळ्यांच्या नजरा तिच्यावर असताना, कुणीतरी येऊन तिला ताजं खाणं घातलं होतं. ज्याला काम बिघडवायचं असतं, तो असं करत नाही. घातपात करणारा एकदा येतो आणि पळतो. जो पुन्हा पुन्हा येऊन पाजतो, त्याला ती जगलेली हवी असते. एवढं तर मला कुणी शिकवायला नको होतं.

मी फोन काढला आणि बाळाच्या वेळांखाली बाटलीच्या वेळा लिहिल्या. सोमवारी केशरी, मंगळवारी पिवळी. गुलाबीची केशरी व्हायलाही साधारण एक दिवसच. म्हणजे आधीचं खाणं रविवारी घातलेलं. रविवारी तात्या तीनशे कोसांवर होता. मावशींना सुट्टी, आणि त्यांच्याकडे किल्ली नाही.

मग पेशी आल्या कुठून? एकही बाटली कमी नव्हती. न मोजलेलं असं आमच्याकडे एकच असतं: जे आम्ही ओतून टाकतो ते.

माझं चंचुपात्र.

बुधवारी अकराला कुणीतरी त्यातल्या तरंगणाऱ्या पेशी काढून घेतल्या होत्या, आणि कमी झालेलं पाणी दिसू नये म्हणून वर ब्लीच ओतलं होतं. त्या वेळी प्रश्नावली पन्नास पोरांसमोर उभी होती.

बाटली उभी होती, कारण ठेवणाऱ्याला माहीत होतं की या पेशींना तळ लागत नाही.

आणि झाकण. आठ वर्षं झाली, आमच्या झाकणांना आतून हवेची गाळणी असते. ती आम्ही घट्टच लावतो. सैल ठेवायची सवय त्याच माणसाची, जो गाळण्या यायच्या आधी हे काम शिकला. झाकण सैल आहे हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि सोमवारी सर दारातून आत आलेच नव्हते, तरी काल जिन्यात ते झाकणाबद्दल बोलले होते.

जे सर एका बिननावाच्या बाटलीसाठी पूर्वी आठवडाभर खोली बंद ठेवायचे, त्यांनीच ब्लीच नको म्हटलं होतं.

मी जेलीच्या चाळण्या काढल्या. नेहमीच्या पेशींपैकी खाली उतरलेल्या अकरा. बेवारस बाटलीतल्या मोजायला घेतल्या आणि दोनशेच्या पुढे मोजणी पुन्हा पुन्हा चुकायला लागली. तात्या शेजारी होता. त्याने माझ्या हातातून मोजणीयंत्र काढून घेतलं.

"बाळाची आई," तो म्हणाला, "खाली बस जरा."

५

सरांच्या खोलीचं दार मी ठोठावलं नाही, ढकललंच. टेबलावर गुरुवारचं पत्र होतं. खाली सहीची जागा रिकामी.

"सर, झाकण सैल होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढला. "आमच्या वेळी पाव फेरा सैल ठेवायचो. नाहीतर पेशी गुदमरायच्या. चाळीस वर्षं झाली, हात ऐकत नाही."

"रविवारी तुम्ही आला होतात."

"रविवारी, काल, मधे शुक्रवारीही. त्या मुलीने बैठकीत विचारलं, आणि मी हसलो. घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी हे कधी तपासलंच नव्हतं. बहुतेक पेशींचं ते खरंच असतं हो. सुटली की मरते. पण या पेशींचं कुणी पाहिलं होतं? मग बुधवारी तुम्ही वर गेलात, चंचुपात्र समोर होतं..." त्यांनी हात उघडून दाखवला. "म्हटलं, दोन दिवसांत मरतील, मी निवांत सही करीन. रोज त्या मरायची वाट बघत होतो."

"मरायची वाट बघणारा खायला घालत नाही, सर."

"उपाशी मारून काय कळलं असतं? मरायचं तर औषधाने मरायला हवं होतं."

मी जेलीचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते जवळ ओढलं. मग पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी एक गोल काढला. "हे प्रथिन. आपण याला रखवालदार म्हणतो, कारण ते पेशीला मरू देत नाही. बरोबर? औषध रखवालदाराला हटवतं, पेशी मरते. निम्म्या खरंच मेल्या. पण याचं दुसरंही काम असणार. कडेला उभं राहून पेशीला जागेवर धरून ठेवायचं. एकच नोकर, दोन कामं. आपण त्याला एका कामासाठी काढला आणि दुसरं कुणी बघायचं ते विचारलंच नाही. ज्या मेल्या नाहीत, त्या मोकळ्या झाल्या."

"आणि मी त्यांना मेलेल्यांत मोजलं," मी म्हटलं. "तळाला राहिलेल्या मोजल्या आणि गेलेल्या सगळ्या मेल्या असं लिहिलं. तीनदा. प्रत्येक वेळी धुऊन ओतून दिल्या. खाली सही माझी आहे."

"तुम्हाला तसं शिकवलं मी."

"उद्या बाराला काय करणार होतात?"

हा प्रश्न मी चौकशी म्हणून विचारला नव्हता. मला भीती वाटत होती. त्यांनाही वाटत असावी, कारण ते खोटं बोलले नाहीत.

"माहीत नाही," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही."

"शुक्रवारी चाचणीत सही करणाऱ्यांच्या यादीत चौथं नाव माझ्या नणंदेचं आहे. माझं बाळ सांभाळतात त्या. त्यांची गाठ अजून जागची हललेली नाही."

सर उभे राहिले. उगाच खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मग टेबलावरचं पत्र उचलून त्यांनी आडवं फाडलं, उभं फाडलं, आणि नवा कागद ओढला. "बसा. आकडे सांगा. एकेक."

"पहिल्या ओळीत तिचा प्रश्न लिहा," मी म्हटलं. "तिच्या नावासकट. आणि तिला बोलावून तिच्यासमोर लिहा."

ती आली तेव्हा तिच्या हातात सफरचंद होतंच. सरांनी पहिली ओळ वाचून दाखवली. तिने ऐकली आणि विचारलं, "या पेशी सुटल्यावर परत चिकटतात का, हे कोण बघणार?"

कुणी हसलं नाही.

६

शुक्रवारी दहा वाजता आम्ही दवाखान्यात नव्हतो. समितीने चाचणी थांबवली होती. वन्सं पलंगावर बसून बाळाला मोजे घालत होत्या, आणि बाळ ते काढत होतं.

मी सगळं सांगितलं. बाटली, झाकण, जेली. महिनाभर तुमच्या मागे लागले होते तेही, जणू त्यांना ते माहीत नव्हतं. मग माफी मागितली.

"म्हणजे त्या पेशी मेल्याचं सोंग घेऊन पडल्या होत्या," वन्सं म्हणाल्या. "आणि तुम्ही शिकलेली माणसं फसलात. अगं, तुझा नवरा लहानपणापासून तेच करतो, काम सांगितलं की. मला विचारायचंस."

मला हसू आलं आणि रडूही.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"जुनं औषध. डॉक्टर सोमवारपासून म्हणतायत."

"केस जातील ते?"

"हो."

त्यांनी मोजा पुन्हा चढवला. बाळाने पलंगाची कड धरली आणि उभं राहिलं. गेला आठवडाभर ते असंच धरून उभं राहतं. माझे हात आपोआप पुढे गेले.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "धरलंय त्याने घट्ट." मग माझ्याकडे न बघता, बाळाच्या मुठीकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि माझ्या पेशी? माझ्या अजून धरून आहेत ना?"

त्यांच्या तपासणीचा कालचाच कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी सात वेळा वाचला होता.

"आहेत," मी म्हटलं. "सगळ्या जागच्या जागी."

"मग तेवढं लिही तुझ्या त्या फोनमध्ये," त्या म्हणाल्या. "वेळेसकट."